खेळाडूची समाजसेवा: सराव न बुडवता, शब्द न मोडता कशी करायची?

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचं होतं आणि हाताशी पैसा नव्हता. गोळेश्वर-कराड भागातल्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन परत आल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्तीची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. लोकांनी कुस्तीसाठी दिलेलं त्यांनी कुस्तीतूनच फेडलं.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. पंधरा ते एकवीस या वयातल्या, तालुका-जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींना समाजासाठी काही करावंसं वाटलं, तर त्यांनी ते आपल्या खेळाच्या आसपासचं निवडावं. झाडू मारायला कोणीही येतं, आणि यावंच. पण चौथीतल्या मुलीला खो-खोत खांबावरून वळायचं कसं हे दाखवणारं माणूस गावात एखादंच असतं. ते तुम्ही असाल, तर तुमचा एक तास तिथे जास्त कामाचा.

आधी मोसम बघा, मग शब्द द्या

बहुतेक जण इथेच घसरतात. उत्साह जूनमध्ये येतो, शब्द जूनमध्ये दिला जातो आणि ऑगस्टपासून शालेय स्पर्धा सुरू झाल्या की पोरं गायब. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती साखळी दिवाळीच्या पुढेमागे चालते. ती संपते न संपते तोच दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. म्हणजे मोकळे महिने खरे दोनच, एप्रिल आणि मे. बाकी वर्षभर आठवड्याला एक तास, त्याहून जास्त नाही.

वही घेऊन वर्षाचे बारा रकाने आखा. स्पर्धा, परीक्षा, शिबिरं आणि घरातली लग्नं टाका. (लग्नं टाकाच. मे महिन्यातला अर्धा सराव त्यातच जातो.) जे उरेल, त्याचा अर्धा भाग सेवेसाठी धरा. उरलेला अर्धा झोपेसाठी. ही थट्टा नाही. वाढत्या वयात दमलेल्या अंगाने सराव केला की घोटा आणि गुडघा सगळ्यात आधी कुरकुरतात.

मग प्रशिक्षकांकडे जा. 'सर, मला समाजसेवा करायची आहे' असं मोघम बोललात, तर उत्तरही मोघमच येईल. त्याऐवजी नेमकं सांगा: 'मॅडम, शुक्रवार माझा विश्रांतीचा दिवस आहे. संध्याकाळी पाच ते सहा मी शेजारच्या शाळेत लहान मुलांना खो-खो शिकवीन. मी स्वतः धावणार नाही. जिल्हा स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे सुट्टी घेईन.' यावर सहसा नाही म्हटलं जात नाही. म्हटलंच, तर कारण विचारा. प्रशिक्षकाला तुमच्या दुखापतीची जी काळजी असते, ती बऱ्याचदा रास्त असते.

शब्द देताना तीन महिन्यांचाच द्या. 'मी कायम येईन' असं कोणालाही सांगू नका. मुलं दर शुक्रवारी फाटकाशी उभी राहून वाट बघतात, आणि न सांगता दोनदा चुकलात की तिसऱ्या वेळी निम्मी येत नाहीत.

कोणत्या खेळाडूनं काय निवडावं

खो-खो, कबड्डी, लंगडी, धावणं यांतले असाल, तर जवळची जिल्हा परिषदेची किंवा पालिकेची शाळा. साहित्य जवळजवळ लागत नाही. लांब पल्ल्याचे धावपटू असाल, तर अंध धावपटूंचे सोबती व्हा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. नेमबाज आणि तिरंदाजांनी साहित्य कोणाच्या हाती देऊ नये. त्यांनी स्पर्धेच्या दिवशी टेबल सांभाळावं, गुणपत्रक लिहावं, लहान खेळाडूंना रांगेत उभं करावं. हे काम कमी दिसतं, पण ते करायला माणसं कधीच पुरत नाहीत.

पोहणाऱ्यांसाठी एक कडक सूचना. गावातल्या विहिरीवर किंवा तळ्यावर एकट्यानं पोहणं शिकवायला उतरू नका, तुम्ही राज्य पदकविजेते असलात तरी. बुडणारं मूल वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतं. त्याऐवजी काठावर उभं राहून शिकवा: बुडणाऱ्याला पाण्यात न उतरता मदत कशी करायची, दोर, साडी, बांबू किंवा बंद रिकामा डबा कसा फेकायचा, आरडाओरडा करून माणसं कशी जमवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हा एक तास प्रत्येक गावच्या शाळेत झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

शाळेत जाण्याआधी

थेट मैदानावर जाऊन मुलं गोळा करू नका. आधी मुख्याध्यापकांना भेटा, मधल्या सुट्टीत नको, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी. सोबत घरचं कोणी मोठं माणूस किंवा प्रशिक्षक असू द्या. शाळेला एक शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ती आली आणि तिच्यात बहुतांश सदस्य पालक असतात. मुख्याध्यापक म्हणतील, 'समितीत ठेवतो.' हे टाळणं आहे असं समजू नका. समितीचा होकार कागदावर असला की पुढे मुलं पडली-झडली तर तुम्ही एकटे पडत नाही.

अर्ज साधा असावा:

'मा. मुख्याध्यापक यांस, मी अमुक कॉलेजात अकरावीत शिकते. खो-खो खेळते, गेली दोन वर्षं जिल्हा संघात आहे. आपल्या शाळेतल्या चौथी ते सातवीच्या मुलामुलींना दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर एक तास, तीन महिने, विनामूल्य खो-खो शिकवण्याची परवानगी मिळावी. त्या वेळी शाळेतील एक शिक्षक मैदानावर उपस्थित असावेत ही विनंती. माझ्या प्रशिक्षकांचं शिफारसपत्र व आधार कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.'

शिक्षकांच्या उपस्थितीची ओळ वगळू नका. ती मुलांसाठी आहे तितकीच तुमच्यासाठीही. शाळेत एक शिक्षक थांबायला तयार नसेल, तर एखादी पालक किंवा अंगणवाडी सेविका चालेल. पण कोणीच नसेल, तर तो तास घेऊ नका.

पहिला तास

मी खो-खोचं उदाहरण घेतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यामुळे आता 'खो-खो खेळून काय होतं?' असं पालक थोडं कमी विचारतात.

तासाच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. मैदान चालून बघा. खडे, काचा, बाभळीचे काटे आणि उघडी पडलेली पाइपलाइन असं काय काय निघेल ते मुलांच्या मदतीनं वेचा. पहिल्या दिवशी हाच खेळ लावा, कोणाची टोपली आधी भरते त्याचा. माती फार कडक असेल, तर आदल्या संध्याकाळी पाणी मारायला सांगा. मग फक्की मारून आठ चौकोन आणि मधली पट्टी आखा. खांब नसतील, तर दोन्ही टोकांना एकेक मोठा मुलगा खांब म्हणून उभा करा. खांब झालेल्याला दर पाच मिनिटांनी बदला, नाहीतर तो दुसऱ्या शुक्रवारी येणार नाही.

सुरुवातीची दहा मिनिटं अंग मोकळं करणं. व्यायामाचं नाव घेऊ नका, शिवाशिवी लावा. पुढची दहा मिनिटं नुसतं बसणं आणि उठणं. चौकोनात बसलेल्यांची तोंडं एकाआड एक विरुद्ध दिशांना. उकिडवं बसून, दोन्ही हात जमिनीला टेकवून, टाच किंचित उचललेली. शिट्टी वाजली की झेप. हे कंटाळवाणं वाटतं, पण खो-खोतला निम्मा वेग इथून येतो आणि नवख्यांना हे कोणी शिकवत नाही.

नंतर 'खो' द्यायला शिकवा. आधी पाठीला हात लागला पाहिजे, मग मोठ्यानं 'खो'. नुसतं ओरडलं तर फाऊल. खो मिळाल्यावर ज्या दिशेला पाऊल टाकलं, त्याच दिशेनं जायचं, खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय मागे वळायचं नाही. एवढे नियम पहिल्या दिवसाला भरपूर. खांद्याची रेषा, मधली पट्टी ओलांडणं वगैरे पुढच्या आठवड्यांत आपोआप विचारलं जातं.

शेवटची पंधरा मिनिटं खेळ. तीन-तीन जण पळणारे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: पटकन बाद होणारी मुलं बाहेर बसून कंटाळतात, आणि खरं तर सरावाची गरज त्यांनाच असते. बाद झालेल्याला लगेच पाठलागाच्या रांगेत घ्या. नियमात बसत नसलं तरी चालेल, ही स्पर्धा नाही.

सूर मारणं, खांबावर झेपावणं हे तुम्हाला येत असेल. दाखवू नका. दाखवलंत की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सिमेंटच्या ओट्याशी दहा मुलं तेच करून बघतील.

मुली हळूहळू कमी व्हायला लागल्या, तर कारणं शोधा. बहुतेकदा ती मैदानाबाहेरची असतात. साडेसहाला अंधार पडतो, वस्तीकडे जाणारा रस्ता सुना असतो, घरी पाणी भरायचं असतं. तास अर्धा तास अलीकडे आणा, किंवा एका वस्तीच्या मुलींना एकत्र घरी जाऊ द्या. एखाद्या मुलीच्या आईला एकदा मैदानावर बोलवून बसवा. घरी जाऊन दहा वेळा समजावण्यापेक्षा हे लवकर जमतं.

लहान मुलांसोबत असताना

तुम्ही स्वतः अठराच्या आत असलात तरी समोरच्या मुलांसाठी तुम्ही 'ताई' किंवा 'दादा' आहात, आणि त्या नात्याला वजन असतं. एकट्या मुलाला किंवा मुलीला वर्गखोलीत, गाडीवर, घरी घेऊन जायचं नाही. पवित्रा सुधारताना हात लावायचाच असेल, तर आधी विचारायचं, सगळ्यांसमोर, आणि शक्यतो स्वतः करून दाखवायचं. रात्री मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत. सूचना पालकांच्या किंवा शिक्षकांच्या गटावर टाका. मारणं नाही, मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षाही नाही, कारण मग धावणं म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसतं.

एखाद्या मुलानं त्याच्यावर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांपर्यंत पोहोचवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. तुम्ही लहान असाल, तर त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला घेऊन पुढे जा.

दुखापतीसाठी पिशवीत कापूस, बँडेज, जंतुनाशक, बर्फ मिळेल त्या दुकानाचा नंबर, आणि रुग्णवाहिकेचा १०८. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायला शिकून घ्या. मोठ्या माणसाच्या बाबतीत मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर खोल. हे वाचून येत नाही, रेड क्रॉस किंवा एखाद्या रुग्णालयाच्या शिबिरात बाहुलीवर करून बघावं लागतं. लहान-मोठ्या मॅरेथॉनमध्ये स्वयंसेवक होणार असाल, तर हे आधी शिका आणि मग टी-शर्ट घ्या.

अंध धावपटूचा सोबती

माझ्या मते धावणाऱ्या तरुणांसाठी याहून चांगली सेवा नाही, आणि फार थोड्यांना ती ठाऊक आहे. अंध धावपटू आणि डोळस सोबती एका छोट्या दोराची दोन टोकं हातात धरून धावतात. पॅरालिंपिकमध्ये पूर्ण अंधांच्या टी-११ गटात सोबती सक्तीचा असतो, अंशतः दिसणाऱ्यांच्या टी-१२ गटात ऐच्छिक. पॅरिसमध्ये २०२४ साली सिमरन शर्मानं २०० मीटरमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा सोबती होता अभय सिंह.

सुरुवात अंध शाळेपासून करा. पुण्यात कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंध शाळा आहे, नाशिकला नॅब या अंधांसाठीच्या संस्थेचं काम आहे, तुमच्या जिल्ह्यातही एखादी शाळा किंवा वसतिगृह असेल. तिथेही अर्ज, परवानगी आणि शिक्षकांची उपस्थिती हे सगळं तसंच.

आधी स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून मित्राच्या सोबतीनं दोनशे पावलं चाला, मग हळू धावा. पहिल्या वळणावरच कळेल की तुम्हाला नेमकं काय ऐकायला हवं होतं. दोर वीतभर ठेवा, मऊ सुती, दोन्ही टोकांना बोटं जातील असे फास. बुटाची नाडीही चालते. हात एकमेकांजवळचे, आणि हलवण्याचा ताल एकच. त्यासाठी शेजारचे पायही एकत्र पडले पाहिजेत. जोडीदाराची पावलं जुळवायची जबाबदारी सोबत्याची, अंध धावपटूची नव्हे.

बोलणं कमी आणि नेमकं ठेवा. 'सांभाळ' हा शब्द निरुपयोगी आहे, कशापासून सांभाळायचं ते त्यातून कळत नाही. 'दहा पावलांवर डावं वळण', 'चढ सुरू', 'पाय उचल, गतिरोधक', 'थांब'. थांबायला सांगायचा शब्द एकच ठरवा आणि तो दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. मैदान मोकळं असेल तेव्हा गप्पा मारा की, बिचकू नका.

सोबती जोडीदारापेक्षा स्पष्टपणे वेगवान हवा. त्याच्या वेगानं धावताना तुम्हाला सहज बोलता आलं पाहिजे. धाप लागत असेल, तर तुम्ही त्याच्या कामाचे नाही, दुसरा जोडीदार शोधा. आणि ओढायचं नाही. ढकलायचंही नाही. स्पर्धेत अंध धावपटू सोबत्याच्या आधी रेषा ओलांडतो. नियम किती कडक असतात ते पॅरिसमध्येच दिसलं. स्पेनची एलेना कोंगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. शेवटच्या दोन-एक मीटरवर तिच्या सोबत्याच्या पायात गोळे आले, त्याला सावरायला तिनं क्षणभर दोर सोडला आणि ती बाद झाली. पदक गेलं. चूक सोबत्याच्या पायांची, किंमत तिची. म्हणून सोबत्यानं स्वतःचं पाणी, झोप, तयारी जोडीदाराइतकीच सांभाळावी.

सरावाच्या हिशेबात ही धाव तुमची हलकी धाव म्हणून धरा. वेगळा वेळ काढावा लागत नाही. व्यग्र धावपटूला परवडणारी सेवा ती हीच.

रक्तदान, श्रमदान, वारी

रक्तदान वयाच्या अठराव्या वर्षापासून, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असेल तर. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं, स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर लागतं. खेळाडूनं आणखी एक बघावं: रक्तातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पण प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी भरायला कित्येक आठवडे जातात. तोवर दमसास कमीच वाटेल. म्हणून मोठ्या स्पर्धेच्या आधीच्या दोन महिन्यांत देऊ नका, मोसम संपल्यावर द्या. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं, तर लाजू नका. डॉक्टरांना दाखवा, कदाचित तुमच्या थकव्याचं कारणच सापडेल.

श्रमदान उन्हाळ्यातलं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेनं २०१६ ते २०१९ या वर्षांत गावोगावी समतल चर खणायचं वेड लावलं, आणि पैलवान-कबड्डीपटूंना हे काम आपलं वाटतं. वाटू द्या, पण टिकाव मारणं म्हणजे व्यायामशाळा नव्हे. सकाळी सहा ते नऊ, हातमोजे, डोक्याला टॉवेल, घमेलं उचलताना गुडघ्यातून वाकायचं. कोण जास्त खणतो अशी पैज लावू नका, कंबर धरते आणि जूनचा सराव जातो.

आषाढी वारीत पुणे-सासवड पट्ट्यात, दिवे घाट चढून आलेल्या वारकऱ्यांचे पाय चेपायला, फोडांना मलमपट्टी करायला हात कमी पडतात. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसोबत जा, एकटे नको. सुजलेला, लाल, गरम पाय चेपायचा नाही, डॉक्टरांकडे पाठवायचा.

जुने बूट आणि पैसा

बूट द्यायचे तर धुऊन, वाळवून, जोडी नाड्यांनी बांधून, आत माप लिहून द्या. तळवा गुळगुळीत झालेला बूट वाढत्या मुलाला देऊ नका, त्यानं पाय बिघडतो. असे बूट पुनर्वापरासाठी जातात. मुंबईत श्रेयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन तरुण धावपटूंनी याच विचारातून ग्रीनसोल सुरू केलं, जिथे टाकून दिलेल्या बुटांपासून नवी पादत्राणं बनतात.

पैसे गोळा करू नका. अगदी चांगल्या कामासाठीही, स्वतःच्या यूपीआयवर तर मुळीच नाही. कोणाला मदत करायचीच असेल, तर त्यानं शाळेला वस्तूरूपात, पावती घेऊन द्यावी. गावातला एखादा नेता चेंडू देऊन फलक लावायला सांगेल. चेंडू शाळेच्या नावे घ्या, फलकाचा निर्णय मुख्याध्यापकांवर सोडा.

नोंदी, प्रमाणपत्रं आणि रील

कॉलेजात असाल, तर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. १९६९ पासून चालत आलेली ही योजना वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर मागते. तुमचे शुक्रवारचे तास त्यात धरता येतील का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना सुरुवातीलाच विचारा. तास झाल्यावर मागाहून विचारलं की अडतं. पंधरा ते एकोणतीस वयोगटासाठी 'मेरा युवा भारत' हे सरकारी पोर्टलही आहे, तिथे कामं शोधता येतात.

वहीत तारीख, किती मुलं आली, काय शिकवलं, कोण पडलं एवढं लिहा आणि शिक्षकांची सही घ्या. शिष्यवृत्तीच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत ही वही दहा छापील प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका. अंध शाळेतल्या मुलांचे तर नकोच, कारण त्यांना स्वतःचा फोटो बघून नको म्हणता येत नाही. रील करायचीच असेल, तर मोकळ्या मैदानाची करा, फक्की मारतानाची करा.

सोडताना

बारावीनंतर तुम्ही दुसऱ्या शहरात जाल, क्रीडा प्रबोधिनीत निवड होईल, किंवा गुडघा दुखेल. तीन महिन्यांचा शब्द पुरा झाला की थांबायला हरकत नाही, फक्त दोन आठवडे आधी मुलांना सांगा, शेवटच्या दिवशी नाही. शेवटचे तीन तास तुमच्या क्लबमधल्या एखाद्या धाकट्या खेळाडूला सोबत आणा. पहिल्या तासाला त्यानं नुसतं बघावं, दुसऱ्याला अंग मोकळं करण्याचा भाग घ्यावा, तिसऱ्याला सगळा तास. तुम्ही काठावर बसा आणि तोंड बंद ठेवा. वही, शिट्टी, उरलेली फक्की आणि मुख्याध्यापकांचा नंबर त्याच्या हवाली करा. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा: कोणत्या मुलीला गुडघ्याचा त्रास आहे, कोणाला रागावलं की तो रडतो, कोण डाव्या बाजूला वळायला घाबरतं, आणि तालुका संघासाठी कोणाकडे लक्ष ठेवायचं.